पाटी

आमच्या स्टुडिओत कॅमेऱ्याची जागा ठरलेली, लॅपटॉपची जागा ठरलेली, दिव्यांच्या स्टँडखाली तर फरशीवर चिकटपट्टीच्या खुणाच असतात. पाटी मात्र दिवसभर फिरती. सकाळी माझ्या टेबलावर, दहा वाजता मेकअपच्या खोलीत, अकराला सोफ्यावर क्लायंटच्या मांडीवर, जेवणाआधी कुणीतरी तिला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर टेकवून ठेवलेलं. दिवसातून वीस वेळा तरी हाक उठते, ‘पाटी कुणाकडे आहे?’ आणि ज्याच्याकडे असते तो हात उंच करून दाखवतो.

पाटी म्हणजे एक जुना आयपॅड. हे नाव तिला आमच्या लाइटदादांनी दिलं. खंडेनवमीला स्टुडिओत सगळी हत्यारं पुजायला मांडतात. कॅमेरे, लेन्सा, लाइट मीटर, पाने-पक्कड, गाफर टेपची गुंडाळी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. एका वर्षी दादांनी आयपॅड उचलला, चित्र काढायचं एक पान उघडलं आणि बोटाने एकाशेजारी एक असे एकाचे आकडे काढत सरस्वती काढली, दसऱ्याला शाळेत पाटीपूजनाला काढायचो तशी. मग तो आयपॅड त्यांनी कॅमेऱ्याशेजारी ठेवला आणि म्हणाले, ‘ही आपली पाटी.’ त्या दिवसापासून तिला दुसरं नाव उरलं नाही, आणि ‘तो’चं ‘ती’ कधी झालं हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

दिसायलाही ती पाटीसारखीच आहे. शाळेच्या पाटीला लाकडी चौकट असायची, हिला रबराचं काळं कव्हर आहे आणि त्याचे कोपरे झिजून पांढुरके झालेत. मागे गाफर टेपचा पट्टा लावलाय, त्यात तळवा सरकवला की एका हाताने तिला धरता येतं. काचेच्या डाव्या कोपऱ्यात केसाएवढी चीर आहे. एका पावसाळ्यात शिडीवरून पडल्याची ती खूण. त्या दिवशी मी तिला उचलेपर्यंत सेटवर कुणी बोललं नव्हतं.

आता तिचं काम सांगते. शूटच्या दिवशी कॅमेरा लॅपटॉपला केबलने बांधलेला असतो, याला आम्ही टेदर म्हणतो. केबल भडक नारिंगी रंगाची असते, कुणाचा पाय अडकू नये म्हणून. लांबी पंधरा फूट. सर फोटो घेतात, पन्नासेक एमबीची मूळ फाइल त्या केबलमधून लॅपटॉपवर येते आणि कॅप्चर वन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. इथवरचं सगळं तारेतून. पुढचा प्रवास हवेतून होतो. लॅपटॉप त्या फाइलची एक हलकी प्रत तयार करतो आणि वायफायवरून पाटीकडे धाडतो. पाटीवर त्यासाठी कॅप्चर पायलट नावाचं ॲप आहे. सर कॅमेऱ्यातून डोळा काढतात न काढतात तोवर खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाच्या हातात तो फोटो उमटलेला असतो. त्याला तो दोन बोटांनी मोठा करून पाहता येतो, मागचे फोटो चाळता येतात, आवडलेल्याला एक ते पाच तारे देता येतात किंवा हिरवी, पिवळी, लाल खूण लावता येते. तो तारा पाटीवर थांबत नाही, आला त्याच वाटेने परत जातो आणि लॅपटॉपवरच्या फाइलला चिकटतो. संध्याकाळी मी निवड करायला बसते तेव्हा दिवसभरात कुणाला काय आवडलं ते सगळं समोर असतं.

सकाळी सर्वांत आधी मी तिला जागं करते. स्टुडिओचं इंटरनेट मी वापरत नाही. माझा छोटा राउटर आहे, त्याला बाहेरच्या जगाशी जोडणारी तारच नाही. लॅपटॉप आणि पाटी, दोघांचं खासगी बोलणं. लॅपटॉपवर सर्व्हर सुरू करायचा, पासवर्ड द्यायचा आणि पाटीवर आमच्या सेशनचं नाव दिसायची वाट बघायची. मग रंगांच्या चोवीस चौकोनांचं कार्ड मॉडेलच्या जागी धरून पहिला फोटो. तो पाटीवर आला की मी मोठ्याने म्हणते, ‘दिसतंय!’ आणि सर चहाचा कप खाली ठेवतात.

सरांनी फिल्मचा काळ पाहिलाय. तेव्हा पाटीचं काम पोलरॉइड करायचं. हॅसलब्लॅडला मागून पोलरॉइडची बॅक लावायची, एक फोटो घ्यायचा, कागद ओढून काढायचा आणि हातात धरून दीड-दोन मिनिटं थांबायचं. मग सोलायचा. ओलसर, रसायनाचा वास येणारा तो चौकोन हातोहात फिरायचा, त्याच्या पांढऱ्या कडेवर कुणी पेनाने काहीतरी लिहायचं. एडविन लँडनी आपली ही झटपट छायाचित्राची युक्ती १९४७ मध्ये लोकांपुढे मांडली होती, पुढच्याच वर्षी पहिला कॅमेरा विकायला आला, आणि नंतर कित्येक दशकं जगभरच्या स्टुडिओंनी उजेड आणि मांडणी तपासायला तिचाच आधार घेतला. २००८ मध्ये पोलरॉइड कंपनीने ती फिल्म बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. तोवर डिजिटल आलं होतं आणि फोटो टेबलावरच्या मॉनिटरवर दिसू लागला होता. सर सांगतात, पोलरॉइड लहान होतं पण फिरत होतं. मॉनिटर मोठा आला आणि सगळे त्याच्याभोवती येऊन थांबले.

तो मॉनिटरचा काळ मी स्वतः पाहिलाय. माझ्या खुर्चीमागे सात-आठ माणसं. त्यांतली पहिली रांग क्लायंटची, एजन्सीची. दुसऱ्या रांगेत स्टायलिस्ट. त्यामागे मान उंच करून बघणारी मेकअप करणारी मुलगी. आणि साडी नेसवणाऱ्या मावशी, केस करणाऱ्या ताई, दिवे लावणारे दादा यांना तिथे जागाच नसायची. त्यांना जागा नाही असं कुणी म्हटलं नव्हतं, पण तसं म्हणायची गरजही पडत नव्हती. त्यांचं काम फोटोत दिसायचं आणि फोटो त्यांना दिसायचा नाही. ही गोष्ट मला तेव्हाही खुपायची, पण खुर्ची सोडून त्यांना बोलावण्याइतकी माझी हिंमत नव्हती.

२०१० च्या एप्रिलमध्ये पहिला आयपॅड बाजारात आला आणि थोड्याच काळात डेन्मार्कच्या फेज वन कंपनीने, तेव्हा कॅप्चर वन त्यांचंच होतं, कॅप्चर पायलट हे ॲप काढलं. आमच्याकडे ते पोचायला काही वर्षं गेली. आणलं तेव्हा कारण सरळ होतं. माझ्यामागची गर्दी हटवायची, क्लायंटला सोफ्यावर बसून बघता यावं. पहिले काही महिने पाटी सोफ्याचीच होती.

मग एका दिवाळी कॅटलॉगच्या शूटला नऊवारी होती. नेसवणाऱ्या मावशी गिरगावातल्या, या कामात आयुष्य गेलेल्या. काष्टा घातला, ओचा काढला, निऱ्या बसवल्या, पदर खांद्यावर टाकून पिना लावल्या आणि नेहमीसारख्या मागे जाऊन भिंतीला टेकल्या. क्लायंट फोन घ्यायला बाहेर गेले तेव्हा पाटी रिकाम्या सोफ्यावर पडलेली. का कोण जाणे, मी ती उचलली आणि मावशींच्या हातात दिली. म्हटलं, ‘मावशी, बघा तरी.’ त्यांनी आधी हात पदराला पुसले. मग दोन्ही हातांनी, आरतीचं तबक धरावं तशी पाटी धरली. मी बोटांनी फोटो मोठा कसा करायचा ते दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. काठावरून बोट फिरवत खांद्यापाशी आल्या आणि थांबल्या.

‘ताई, हा मोर दुमडलाय.’

पदराची घडी बोटभर सरकली होती आणि काठावरच्या मोराची मान घडीत गेली होती. लॅपटॉपवर हाच फोटो मी दहा मिनिटं बघत होते. फोकस बघत होते, उजेड बघत होते, चेहरा बघत होते. मोर मला दिसला नव्हता. सरांनाही नाही. मावशी पुढे गेल्या, पिन काढली, घडी मागे घेतली, पिन लावली. पुढच्या फोटोत मोर मान ताठ करून उभा. सरांनी कॅमेऱ्याआडून विचारलं, ‘मावशी, आता?’ सरांनी सेटवर त्यांना असं विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मावशी माझ्याकडे बघत म्हणाल्या, ‘आता बरोबर.’

पाटी सगळ्यांकडे फिरू लागली ती तेव्हापासून.

तिचा मला आवडणारा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती कुणाला घाबरवत नाही. मॉनिटरपुढे उभं राहून बोलायचं तर चारचौघांत बोलावं लागतं. पाटी मांडीवर घेऊन माणूस एकटा बघतो, त्याच्या चालीने बघतो, पुन्हा मागे जाऊन बघतो. बोलायचं नसेल तर न बोलता तारा देतो. मॉडेलसुद्धा दोन कपड्यांच्या मध्ये तिला घेऊन बसतात आणि आपला खांदा कुठे उतरतोय ते स्वतःच ओळखतात, कुणी सांगायच्या आधी.

ताऱ्यांचे नियम मात्र मला ठरवावे लागले. एकाच फोटोला दोघांनी तारे दिले तर नंतरचा आधीचा पुसतो. शाळेच्या पाटीचंही तेच होतं, शेवटचा हात फिरला की आधीचं गेलं. म्हणून तारे सरांचे, हिरवी खूण क्लायंटची, पिवळी बाकी सगळ्यांची. लाल कुणी लावायची नाही. लाल म्हणजे नकार, आणि शूट चालू असताना नकार पाहिला की हात आखडतात, हे मी अनुभवाने सांगते. पाटीला काय काय करू द्यायचं याची किल्ली लॅपटॉपवर आहे. नुसतं बघणं, तारे देणं, कॅमेरा चालवणं, प्रत्येकाची वेगळी परवानगी. गडबडीच्या दिवशी मी शेवटची बंद ठेवते.

कारण हो, ती कॅमेराही चालवते. याचा खरा उपयोग कळला तो पैठणीच्या शूटला.

अख्खा पदर वरून हवा होता, सपाट, जमिनीवर अंथरलेला. कॅमेरा बूमला लावून अकरा फुटांवर टांगला, तोंड खाली. मागे वाळूच्या पिशव्या, केबल टेपने दांडीला बांधलेली. पूर्वी अशा फोटोला सर दर वेळी शिडी चढायचे, बटण दाबायचे, उतरायचे, पदराची सुरकुती काढायची, पुन्हा चढायचे. बटण दाबताना दांडी हलायची ती वेगळीच. त्या दिवशी सर पदराशेजारी चटईवर मांडी घालून बसले आणि पाटी मांडीवर घेतली. पाटीवरचं बटण दाबलं की ती हवेतून लॅपटॉपला सांगते, लॅपटॉप तारेतून कॅमेऱ्याला सांगतो, वर शटर वाजतं, दिवे चमकतात, आणि दोन-तीन सेकंदांत तोच पदर सरांच्या मांडीवर. ॲपर्चर, आयएसओ तिथूनच बदलायचं. खाली खरा पदर, मांडीवर त्याचं चित्र. नजर फक्त एवढी हलवायची.

पैठणी येवल्याहून आली होती आणि सोबत ती विणणारे काका आले होते, कारण इतक्या मोलाची साडी कुणाच्या हाती सोडायला ते तयार नव्हते. दिवसभर ते स्टुलावर बसून होते. वांगी रंगाची साडी, पदरावर बांगडीमोर आणि मुनिया. पैठणीत नक्षीतल्या दर रंगाला वेगळी कांडी असते, धागा धाग्यात अडकवत नक्षी भरतात, म्हणून पदर उलटा पाहिला तरी सुलट्यासारखाच दिसतो. हे काकांनी मला पदर उलटून दाखवलं होतं. फोटोत मात्र रंग फसत होता. वांगीचा निळा येत होता, मंद, मेलेला. सरांनी व्हाइट बॅलन्स तपासला, मी कार्डावरून तपासला, बरोबर होता. पाटीचं ट्रू टोन बंद आहे ना पाहिलं, कारण ते चालू असलं तर ती खोलीतल्या उजेडाप्रमाणे आपला पांढरा बदलत राहते आणि मग तिच्यावर रंगाचा भरवसा ठेवता येत नाही. बंद होतं. लॅपटॉपवरही निळाच.

पाटी काकांकडे गेली. त्यांनी ती हातभर लांब धरली, मग जवळ घेतली.

‘साहेब, हा माझा रंग नव्हे. याचा उभा धागा लाल आहे. तो कुठं गेला?’

सर उठून त्यांच्यापाशी आले. ‘काका, तुम्हाला कसा दिसतो तो लाल?’

‘आम्ही मागावरून उतरलं की खिडकीशी धरून बघतो. असा कडेनं उजेड पडला म्हणजे दिसतो.’

उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, हीच त्या कापडाची धूपछाँव. आमचा उजेड वरून, दोन्ही बाजूंनी सारखा, आणि त्यात एकच धागा बोलत होता. दादांनी एक दिवा बंद केला, दुसरा खाली आणला, पार गुडघ्याच्या उंचीवर, पडद्याच्या कापडातून गाळून, एका बाजूने. येवल्याची खिडकी. सरांनी पाटीवरचं बटण दाबलं. काच उजळली आणि वांगीच्या आतून लाल वर आला, जरीच्या कडेने तर जणू वाहत होता. काका स्टुलावरून उठले होते.

पाटीत उणिवा आहेत, त्या मला ठाऊक आहेत आणि मी त्या सांभाळून घेते. भर गर्दीत ती अडखळते. यामागे कारण आहे, माणसाच्या शरीरात पाणी असतं आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात जिरतात. पंधरा माणसं मध्ये उभी राहिली की फोटो उशिरा पोचतो. ५ गिगाहर्ट्झवर न्यावं तर वेग येतो पण भिंत आडवी आली की आवाज क्षीण, मेकअपच्या खोलीत पोचेपर्यंत दमते. आमचा स्टुडिओ जुन्या गिरणीच्या आवारातला, आजूबाजूला इतकी वायफाय आहेत की नावांची यादी संपत नाही. म्हणून राउटर मी उंचावर ठेवते, दिव्याच्या स्टँडला बांधून, माणसांच्या डोक्यांच्या वर. ऊन तिला अजिबात सोसत नाही. अलिबागला किनाऱ्यावर शूट होतं, एप्रिल महिना. अकरा वाजता तिच्या काचेवर थर्मामीटरचं चिन्ह आलं आणि ती मिटली. पस्तीस अंशांच्या वर तिच्या जातीला काम झेपत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळायचा मोह होतो, पण तसं करायचं नसतं. सावलीत ठेवायची, कव्हर काढायचं आणि धीर धरायचा.

आता दूरवरून बघायचीही सोय आहे. टाळेबंदीनंतर ती सगळीकडे आली. लॅपटॉपवरून एक दुवा पाठवायचा आणि क्लायंट दुसऱ्या शहरातल्या कचेरीत बसून तारे देतात. काम सोपं होतं, वेळ वाचतो, मी त्या सोयीविरुद्ध नाही. पण दूर बसलेल्या माणसाला पदर हातात घेऊन उलटून बघता येत नाही. पाटीच्या शेजारी खरी वस्तू असते आणि तिला घडवणारा माणूस असतो. माझ्यासाठी तिचं मोल तिथे आहे.

आणि एक गोष्ट तिच्याविषयी फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. दिवसभर हजारभर फोटो तिच्यातून जातात, पण मूळ फाइल एकही तिच्याकडे नसते. ती फक्त दाखवते. मी सर्व्हर बंद केला की तिची काच कोरी.

पैठणीच्या शूटला हे काकांना ठाऊक नव्हतं. पॅकअपच्या आधी मी त्यांना म्हटलं, तुम्हाला आवडलेल्या फोटोवर पिवळी खूण करा. त्यांनी बराच वेळ चाळलं आणि खूण करायच्या जागी तारा दिला, एकच. मी म्हटलं, ‘काका, पाच देता येतात.’ तर म्हणाले, ‘एक पुरे की. हाच आहे.’ मी तो तारा तसाच ठेवला.

संध्याकाळी निवड करताना सरांनी नेहमीप्रमाणे चार तारे आणि त्यावरचे फोटो लावायला सांगितले. बावीस आले. काकांचा त्यांत नव्हता. मी चाळणी काढून टाकली आणि तो फोटो उघडला. मुनियाच्या चोचीपाशी लाल जरासा जास्त उजळला होता, एका कडेला हलकी सावली होती. सर पुढे झुकले.

‘एक तारा कुणी दिला?’

‘काकांनी.’

सरांनी तो फोटो पूर्ण मोठा केला, काठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत नेला. मग स्वतः तो सिलेक्टच्या फोल्डरमध्ये टाकला.

दारात काका साडीची पेटी छातीशी धरून थांबले होते. ‘ताई, तो फोटो पाटीत राहील ना? पुढच्या खेपेला मुलाला आणतो, त्याला दाखवायचाय. तोही मागावर बसायला लागलाय.’

पाटीत तो राहणार नव्हता. मी क्लायंटकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. त्या एका फोटोची छोटी प्रत काढली आणि काकांच्या फोनवर पाठवली. त्यांनी तिथेच उभं राहून उघडली, डोळ्यांजवळ नेली, आणि बोटांनी मोठी केली, पाटीवर शिकले होते तशी.

मग मी सर्व्हर बंद केला आणि फडकं घेतलं. काचेवर खालच्या बाजूला, ताऱ्यांच्या ओळीवर, दिवसभरातल्या बोटांचे डाग दाटले होते.